रंग उडालेली गिटार

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेंत गायनमंडळापुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं कोणतीं गीतें गावयाचीं हा आजच्या सभेचा विषय आहे, हें मी विसरलेलों नाहीं. तो विषय आपण माझ्या बोलण्यानंतर घेऊं. त्याआधीं ह्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूविषयीं मला थोडें बोलावयाचें आहे. ही आपल्या मंडळाची विजेवर वाजणारी गिटार. ती जपानांत तयार झालेली आहे. आपल्या गांवचे एक गृहस्थ बोटीवर नोकरीस असतांना त्यांनीं ती १९८१ सालीं कोबे बंदरांत जुनी म्हणूनच विकत घेतली. नोकरी संपवून घरीं परतल्यावर दर रविवारीं ह्याच देवळांत वाजविली. आणि ते देवाघरीं गेल्यावर त्यांच्या पत्नीनें ती मंडळाच्या स्वाधीन केली. महोत्सवापूर्वीं ती खरवडून तिच्यावर लाल रंगाचा नवा हात द्यावा, अशी सूचना गेल्या आठवड्यांत आली. सूचना करणारा त्यांचाच मुलगा आहे. बापाचें वाद्य परगांवच्या पाहुण्यांसमोर असें टवके उडालेलें दिसूं नये ही त्याची इच्छा, आणि त्या इच्छेंत मला कांहींच वावगें दिसत नाहीं.

तरी माझा ह्या बेतास विरोध आहे. धर्मगुरूनें ‘नको’ म्हटलें कीं सभा गप्प बसते. पण तसें गप्प बसविणें मला आवडत नाहीं. म्हणून माझीं कारणें तुमच्यापुढें मांडतों, आणि त्यांसाठीं तुम्हांला जरा दूर, आयर्लंड देशांत घेऊन जातों. कारण जगांत पुष्कळ वाजविलेली आणि पुष्कळ झिजलेली अशी जी एक गिटार प्रसिद्ध आहे, ती त्या देशाची.

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क नांवाचें शहर आहे. १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तेथील क्रॉली यांच्या वाद्यांच्या दुकानांत एक वापरलेली गिटार विक्रीस होती. अमेरिकेंतील फेंडर कंपनीनें ती १९६१ सालीं बनविली होती. ह्या नमुन्याचें नांव स्ट्रॅटोकॅस्टर; तो १९५४ सालीं प्रथम बाजारांत आला. आपल्या ओळखीच्या गिटारीसारखी ती पोकळ नसते, तर भरीव लाकडाची असते. तिच्यावर तीन ‘पिक-अप’ बसविलेले असतात. पिक-अप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. वरून जाणारी पोलादी तार थरथरली कीं त्या वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, तो अँप्लिफायरमध्यें जातो, आणि तेथें आपल्याला आवाज ऐकूं येतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें ती उपयोगी पडेल.

ही गिटार मूळ रॉयल शोबँड ह्या वाद्यवृंदांतील जिम कॉनलन ह्या वादकासाठीं आली होती. त्याला लाल रंगाची हवी होती आणि आली ती कडेला काळसर, मध्यें पिवळी, मावळत्या सूर्यासारख्या रंगाची. लाल येईपर्यंत त्यानें ही वाजविली आणि मग विकावयास काढली. आयर्लंडांत आलेली ह्या नमुन्याची ती पहिलीच, असें म्हणतात. दुकानदारानें किंमत लाविली होती जवळजवळ शंभर पौंड. (रंग लाल नाहीं म्हणून हें वाद्य दुसऱ्याच्या हातीं गेलें, हें आज ह्या सभेंत सांगतांना मला थोडें हसूं येतें.)

तें घेणारा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याचें नांव रोरी गॅलाहर. जन्म १९४८ सालचा, देशाच्या वायव्येकडील बॅलिशॅनन गांवचा; पुढें कुटुंब कॉर्कला येऊन राहिलें. साधें कॅथॉलिक कुटुंब, आणि शंभर पौंड म्हणजे त्या काळीं डोंगराएवढी रक्कम. त्याचा धाकटा भाऊ डोनल यानें पुढें आठवण सांगितली आहे कीं, हें कर्ज जन्मभर फिटणार नाहीं म्हणून आई घाबरली. तेव्हां रोरीनें तिला समजाविलें कीं, ह्या एका गिटारीवर साथ आणि मुख्य स्वर हीं दोन्हीं कामें मी एकटाच करीन, दुसरा वादक लागणार नाहीं, त्यामुळें मिळकत वाढेल आणि कर्ज फिटेल. ज्या घरांत आई हप्त्यांचा हिशेब ठेविते त्या घरांतील मुलाला असली युक्ति बरोबर सुचते.

आणि हप्ते त्यानें खरोखरच फेडले. शाळेंत असतांनाच तो फाँटाना नांवाच्या शोबँडमध्यें दाखल झाला. शोबँड म्हणजे गांवोगांवच्या नृत्यशाळांत लोकप्रिय गाणीं वाजविणारे ताफे. त्यांपैकीं कित्येक सभागृहें धर्मग्रामांचींच असत आणि किल्ली पाद्रीबोवांच्या हातीं असे. उपवासकाळाचे चाळीस दिवस नृत्यशाळा बंद. मग हे ताफे समुद्र ओलांडून इंग्लंडांत, तेथें मजुरीस गेलेल्या आयरिश लोकांपुढें वाजवावयास जात. आमच्यासारख्या कोणा धर्मगुरूनें लाविलेल्या कुलपामुळें हे वादक परदेशीं पोंचत, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावयाची.

पुढें डब्लिन शहरांत ही गिटार चोरीस गेली. ती परत मिळाली ती एका चरांत, पावसांत भिजलेली आणि ओरखडे उठलेली. तीं दिवसांची काळजी ज्याचें एकादें वाद्य हरवलें आहे त्यालाच कळेल. परत मिळाल्यावर त्यानें मनाशीं ठरविलें कीं, ही कधीं विकावयाची नाहीं आणि कधीं रंगवावयाचीहि नाहीं. हा निश्चय त्यानें शेवटपर्यंत पाळला.

आतां त्या गिटारीची स्थिति कशी झाली तें ऐका, म्हणजे आपल्या टेबलावरील वाद्याबद्दल तुम्हांला फारशी लाज वाटणार नाहीं. तिचा जवळजवळ सर्व रंग निघून गेला. मध्यभागीं, हात घासतो त्या बाजूस, कडांवर, सर्वत्र उघडें लाकूड दिसूं लागलें, आणि तें लाकूडहि घाम, धूळ व धूर पिऊन पिऊन काळपट झालें. रंगाचे कांहीं तुकडे मात्र इकडेतिकडे बेटांसारखे उरले. त्या काळच्या फेंडर गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचें पातळ रोगण असे. तें सुंदर दिसतें, पण घासण्यानें झिजतें, थंडीनें तडकतें आणि घामानें मऊ पडतें. डोनल असें सांगतो कीं, रोरीचा रक्तगट दुर्मिळ असल्यामुळें त्याचा घाम विशेष आम्ल होता. रक्तगटाचा आणि घामाचा असा संबंध कोणी वैद्य मान्य करील असें मला वाटत नाहीं. दिव्यांच्या उष्णतेंत रात्रीमागून रात्री दोन दोन तास घाम गाळीत वाजविणाऱ्या मनुष्याच्या हातीं तें पातळ रोगण टिकलें असतें, तरच नवल.

परंतु जी गोष्ट मला तुमच्या मनावर ठसवावयाची आहे ती ह्यापुढची. ज्यानें रंगाचा एक थेंब लावूं दिला नाहीं, त्यानें दुरुस्तीस कधींच नकार दिला नाहीं. तारा ताणावयाच्या खुंट्या त्यानें बदलल्या. मानेच्या टोकाशीं ज्या खांचांतून तारा जातात ती लहान पट्टी तर अनेकदां बदलली. तारांखालचें प्लास्टिकचें पत्रें बदललें. तीन पिक-अपांपैकीं मूळचा राहिला तो केवळ मधला. स्वराचें एक बटण त्यानें तोडून टाकिलें आणि दुसऱ्या एकाच बटणावर सर्व स्वरांचें नियंत्रण आणिलें. पिक-अप निवडण्याचा तीन जागांचा खटका काढून त्यानें पांच जागांचा बसविला. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला जी भंगारांत टाकण्यासारखी दिसत होती, ती आंतून नेहमीं सज्ज होती. तिच्या मालकानें तिचा चेहरा तसाच राहूं दिला, आणि तिचे कान, घसा व सांधे मात्र निगुतीनें संभाळले.

आपण बहुतेक ह्याच्या उलट वागतों. आपल्या ह्या गिटारीचें उदाहरण घ्या. मागच्या बुधवारीं मीं ती घरीं नेऊन, आपल्या धर्मग्रामांतील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना दाखविली आणि दोघांनीं मिळून तिची तपासणी केली. रंग वगळून आम्हांला काय आढळलें तें सांगतों. पहिल्या पांच पडद्यांवर तारांनीं खळगे पाडले आहेत. त्यामुळें तेथें स्वर दाबला कीं तार किरकिरते. आपण दोन वर्षें त्याचा दोष वाजविणाऱ्या मुलीला देत आलों. मुली, ह्याबद्दल मीं तुझी क्षमा मागितली पाहिजे. मान किंचित् पुढें वाकली आहे. तिच्या आंतील लोखंडी सळई थोडी फिरविली कीं ती सरळ होईल. आवाजाचें बटण फिरवितांना खरखरतें, कारण आंत धूळ आहे. वायर खुपसावयाच्या भोंकाशीं डाख सुटत आला आहे, आणि पास्काच्या रात्रीं ऐन ग्लोरियाच्या वेळीं गिटार मुकी झाली ती त्यामुळें. त्या रात्रीं आपण सर्वांनीं मिळून अँप्लिफायरला शिव्याशाप दिले. घोडीचे दोन खिळे गंजले आहेत. हें सर्व दुरुस्त करण्यास एका चांगल्या कारागिराला दोन दिवस पुरतील. आणि आपण सभा भरविली ती रंगाविषयीं!

आतां कोणी म्हणेल कीं, फादर, दुरुस्तीहि करूं आणि रंगहि देऊं. त्यांत बिघडलें काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

मला गुरुदीक्षा मिळून थोडींच वर्षें झालीं होतीं. मी ज्या धर्मग्रामांत साहाय्यक होतों तेथील गायनमास्तर वयोवृद्ध होते आणि त्यांचें व्हायोलिन त्यांच्याहूनहि वृद्ध होतें. राळेची पुटें चढलेलें, हनुवटीखालीं काळें पडलेलें. सणापूर्वीं त्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून, ते आजारी असतांना, मीं तें व्हायोलिन गुपचूप एका फर्निचर-पॉलिशवाल्याकडे दिलें. त्यानें तें कांचपेपरनें घासून त्याला कपाटासारखें चकचकीत करून आणिलें. मास्तरांनीं तें हातांत घेतलें, फिरवून पाहिलें, माझे आभार मानले. दोन रविवार वाजविलें. आवाज जणूं घोंगडीखालून येत होता. त्यानंतर तें पेटींतून बाहेर निघालें नाहीं. मला ते एक शब्द बोलले नाहींत. मीं विचारलेंहि नाहीं. हें सांगावयास मला पंचवीस वर्षें लागलीं.

पण येथें मी तुमच्याशीं प्रामाणिक राहिलें पाहिजे. व्हायोलिनची गोष्ट भरीव गिटारीला लागू पडत नाहीं. व्हायोलिनचा आवाज त्याच्या पातळ लाकडी पापुद्र्यांतून निघतो. तेथें जाड पॉलिश म्हणजे गायकाच्या तोंडावर बोळा. विजेच्या गिटारीचा आवाज मात्र, मघाशीं सांगितलें तसा, तारा आणि पिक-अप ह्यांच्या संयोगानें होतो. रंगाचा त्याशीं संबंध असलाच तर नांवापुरता. खुद्द गॅलाहरहि म्हणत असे कीं, रंग जितका कमी तितकें बरें, लाकडाला श्वास घेतां येतो. आणि लगेच कबूल करीत असे कीं, हें सर्व मनाचे खेळ आहेत. तेव्हां नव्या रंगानें आपल्या गिटारीचा आवाज बिघडेल असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हटलें असतें तर वाद मी सहज जिंकला असतों.

माझी भीति वेगळी आहे. आपल्या गिटारीवर गॅलाहरच्या गिटारीसारखें पातळ रोगण नाहीं. तिच्यावर पॉलिएस्टरचा जाड थर आहे. म्हणूनच ती झिजलेली नसून तिचे टवके उडाले आहेत. हा थर कांचपेपरला दाद देत नाहीं. तो काढतांना कारागीर जोर लावतो आणि खालचें लाकूडहि निघून जातें. कडांचा डौल जातो. मान जेथें बसते तो खोबणीचा सांधा सैल होतो. आणि सांधा एकदां ढिला झाला म्हणजे सूर टिकत नाहीं. शिवाय रंगासाठीं सर्व भाग उसकावे लागतील, पिक-अपांच्या त्या केसासारख्या तारा उघड्या पडतील, आणि महोत्सवास उरले आहेत सहा आठवडे.

जुन्या वाद्यांच्या बाजाराची साक्षहि ऐकून ठेवा, जरी आपण ही गिटार विकणार नाहीं. जुन्या फेंडर गिटारीला पुन्हां रंग दिला कीं तिची किंमत ढोबळ मानानें निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा अडाखा आहे. मूळचा रंग कितीहि झिजलेला असला तरी चालतो, नवा चालत नाहीं. ह्याच बाजारांत मूळचे खिळे, मूळचीं बटणें ह्यांचाहि आग्रह असतो. त्या दृष्टीनें पाहतां गॅलाहरची गिटार म्हणजे नापास झालेला विद्यार्थी. ह्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, १९९० नंतरच्या दशकांत खुद्द फेंडर कंपनीच नव्या गिटारी मुद्दाम घासून, रंग उडवून, जुन्या दिसतील अशा करून अधिक किंमतीस विकूं लागली. गॅलाहरच्या मृत्यूनंतर त्याच्या गिटारीचीहि अशी प्रतिकृति निघाली, प्रत्येक ओरखडा जागच्या जागीं. मनुष्यास झीज हवी असते, पण झिजण्याइतका वेळ द्यावयाचा नसतो! मला त्या कारागिरांचें कौतुक वाटतें. घेणाऱ्यांचें फारसें वाटत नाहीं.

ती झीज कशी आली हें पाहावयाचें असेल तर १९७४ सालचा जानेवारी महिना पाहावा. १९६९ पासून उत्तर आयर्लंडांत रक्तपात चालला होता. बेलफास्ट शहरांत बाँब फुटत होते, आणि बाहेरचे बहुतेक वादक तेथें जाण्याचें टाळीत. गॅलाहर जात असे. त्या जानेवारींत तो बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क ह्या तिन्ही ठिकाणीं वाजवीत फिरला. त्या दौऱ्याची ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट दोन्हीं आज उपलब्ध आहेत. बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्यें कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांतील मुलें एकाच छपराखालीं उभीं राहून हीच रंग उडालेली गिटार ऐकत. चित्रपटांत ती जवळून दिसते. मीं तो पाहिला तेव्हां गाण्याकडे माझें लक्ष कमीच होतें. लाकडाचा तो उघडा पडलेला भाग मी पाहत राहिलों.

रोरी गॅलाहर १४ जून १९९५ रोजीं लंडनमध्यें निवर्तला. यकृताचें रोपण झालें होतें, पण पुढें दुखणें बळावलें. वय अवघें सत्तेचाळीस. कॉर्कजवळ त्याला मूठमाती देण्यांत आली. गिटार डोनलनें संभाळली. २०११ च्या ऑक्टोबरांत त्यानें ती लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो नाट्यगृहांत जो बोनामासा ह्या अमेरिकन वादकाच्या हातीं दिली, आणि ती पुन्हां सभेपुढें वाजली. २०२४ सालीं बॉनहॅम्स ह्या लंडनच्या लिलांवघरानें ती लिलांवांत काढली. कॉर्कच्या दुकानांत शंभर पौंडांना मिळालेल्या ह्या वाद्यास ८,८९,४०० पौंड आले. घेणारी एक आयरिश जलसे भरविणारी संस्था होती; तिनें ती आयर्लंडच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयास देणगी दिली. देशाची वस्तु देशांत राहिली, हें उत्तम झालें. तरी कांचेच्या पेटींतील वाद्य पाहून मला त्या मास्तरांच्या व्हायोलिनची पेटी आठवेल, हेंहि खरें.

आपल्या गिटारीला असे पैसे कोणी देणार नाहीं. तिला संग्रहालयहि बोलावणार नाहीं. परंतु वरच्या अंगाला, उजवा हात जेथें टेकतो, तेथें तिची चकाकी गेलेली आहे, हाताच्या पंज्याएवढी जागा. काल तिच्या मालकीणबाई मिस्सेनंतर मला भेटल्या. रंगाचा बेत त्यांच्या कानीं गेला होता. त्या एवढेंच म्हणाल्या, ‘फादर, ती जागा त्यांच्या हाताची आहे.’ मुलाला त्यांनीं हें सांगितलें नव्हतें. त्याचा उत्साह मोडवेना, म्हणाल्या. मी त्यांची परवानगी घेऊनच हें येथें बोलत आहें.

बाळ, तुला वडिलांसाठीं कांहीं करावयाचें आहे, तर पडद्यांचें काम तूं अंगावर घे. कारागिराकडे तूंच जा, आणि तो पडदे घासतो कसा, सळई फिरवितो कशी, तें शेजारीं बसून पाहा. पुढच्या वेळीं आपल्याला दुसऱ्याकडे जावें लागूं नये. डाख लावण्याचें आपले रेडिओवाले गृहस्थ फुकट करून देणार आहेत. मंडळाच्या पेटींतून मी खिळ्यांचे आणि मजुरीचे पैसे देतों. रंगासाठीं काढून ठेवलेली रक्कम त्यास पुरून उरेल, आणि उरलेल्या पैशांतून गिटारीला एक बरी पेटी घ्यावी, म्हणजे पावसाळ्यांत ती वेदीमागच्या ओल्या भिंतीला टेकून राहणार नाहीं. ह्याउपर रंगच द्यावा असें मंडळाचें मत पडलें, तर मी आडवा येणार नाहीं. हात वर करून मोजूं.

आतां गीतांचा विषय घेऊं. पण प्रवेशगीत म्हणून पाहावयाचें तर दुसरी तार गेल्या रविवारपासून तुटलेली आहे. नवी मीं आणिली आहे. ही घ्या, माझ्या झग्याच्या खिशांत आहे.